खाऱ्या पाण्यातलं स्थळ

दुपारी दीडची अकोला-अमरावती एसटी. माझ्या मांडीवर थर्मोकोलचा डबा, त्याला चारही बाजूंनी ब्राऊन टेप. बोरगाव मंजूला चढलेल्या एक मावशी शेजारी बसल्या. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत डब्याकडे बघितलं. शेवटी त्यांना राहवेना.

‘‘काय आहे वं पोरी डब्यात?’’

‘‘मासा आहे मावशी.’’

‘‘एवढ्याशा डब्यात? किती किलोचा?’’

‘‘खायचा नाही हो. पाळायचा. एक इंचाचा आहे.’’

‘‘एका इंचासाठी अकोल्याले आलती तू?’’

आता काय सांगणार! ‘‘आमच्या घरी एक मादी आहे. एकटीच असते. तिच्यासाठी आणलाय.’’

मावशींचा चेहरा एकदम खुलला. ‘‘म्हंजे नवरदेव घेऊन चालली म्हन ना! मंग हुंडा कोनं देल्ला?’’

आजूबाजूच्या चार सीटवर हशा. कंडक्टरसुद्धा हसला. मीही हसले, पण पोटातला गोळा काही हलला नाही. कारण मावशींना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. हा दुसरा नवरदेव होता. पहिला एका रात्रीत गेला होता आणि तो माझ्यामुळे गेला होता.

तर गोष्ट अशी, की आमच्या अमरावतीच्या घरात समुद्र आहे. तीन फुटी, दीडशे लिटरचा. खरा समुद्र इथून साडेसहाशे किलोमीटरवर. आमच्या गावाचा पाण्याशी संबंध म्हणजे वडाळी तलाव, छत्री तलाव आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीने ओतायचं पाणी. अशा गावात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणं हे डोकं फिरल्याचं लक्षण आहे, याबद्दल आमच्या गल्लीत एकमत होतं.

डोकं फिरलं होतं बाबांचं. बाबा बँकेत होते. २००६ मध्ये एलटीसीवर ते आम्हाला मुंबईला घेऊन गेले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई आणि मी चौपाटीवर रमलो आणि बाबा रमले ते तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ पासूनचं, मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय. तिथे एका काचेसमोर ते इतका वेळ उभे राहिले, की आई म्हणाली, ‘‘चला आता, तो मासा लाजून रायला.’’ काचेमागे केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश होता. तोच तो, ‘फाइंडिंग निमो’वाला.

२०१९ मध्ये बाबा रिटायर झाले आणि ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे त्यांनी बाजूला काढले. मला वाटलं, आता चारधाम होणार. घरी आला टँक! मग स्किमर, हीटर, चिलर, एलईडी आणि पाण्याचा खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. खरे प्रवाळ मात्र त्यांनी आणले नाहीत. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यामुळे आमच्या समुद्रात सिरॅमिकचे सच्छिद्र दगड आणि नर्सरीतून आणलेली एक मातीची कुंडी.

यावर आईची प्रतिक्रिया समजून घ्यायची तर तुम्हाला तिचं माहेर माहीत हवं. दर्यापूर तालुका. नावातच दर्या, पण समुद्राचा पत्ता नाही. पाणी मात्र खारं! पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आईचं बालपण गोड्या पाण्याच्या हंड्यामागे गेलं. लग्न करून अमरावतीला आली तेव्हा नळाचं गोडं पाणी बघून तिला हायसं वाटलं होतं म्हणे. आणि आता तिच्याच हॉलमध्ये नवरा किचनचा वजनकाटा घेऊन बसला होता. एका लिटरला पस्तीस ग्रॅम, पंधरा लिटरला अर्धा किलोच्या वर मीठ.

‘‘जल्म गेला खाऱ्या पान्यापासून पयन्यात,’’ आई म्हणाली, ‘‘आन् हे पैसे देऊन गोड्या पान्यात मीठ घालून रायले!’’

पण मासे आले तेव्हा त्यांची नावं तिनंच ठेवली. मोठी ती राणी. लहान तो गण्या.

इथे थोडं बायोलॉजी सांगावं लागेल, कंटाळू नका. क्लाउनफिशच्या घरात राज्य बाईचं असतं. सगळ्यात मोठा मासा ती मादी. दुसऱ्या नंबरचा तिचा नवरा. त्यांच्याखाली जे लहान असतील ते ना नर, ना मादी, म्हणजे वेटिंग लिस्टवर. मादी मेली तर काय होतं? नर विधुर होऊन बसत नाही. तो स्वतः मादी होतो! वागणं आधी बदलतं, मग हळूहळू शरीर. आणि वेटिंग लिस्टवरचा पहिला त्याचा, म्हणजे आता तिचा नवरा होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके या जोडीने १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं होतं. एकदा मादी झाली की परतीचं तिकीट नाही. म्हणजे बघा, निमोची आई पहिल्याच सीनमध्ये जाते, त्यानंतर निमोचे बाबा खरं तर निमोची आई व्हायला हवे होते. डिस्नी-पिक्सारवाल्यांनी २००३ मध्ये ते टाळलं, हे समजण्यासारखं आहे.

आमच्या घरात मात्र कोणी टाळलं नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बाबा गेले. हार्ट अटॅक. मी तेव्हा पुण्यात होते, मास कॉम करून एका वेबसाइटसाठी रोज सात बातम्या पाडत होते. तेरा दिवस झाले, नातेवाईक पांगले आणि मीही लॅपटॉप उचलून परत गेले. जाताना आईला म्हटलं, ‘‘टँक कोणाला तरी देऊन टाक. तुला नाही झेपणार.’’ आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मग आला २०२४ चा मे. तो मे वऱ्हाडातला माणूस विसरणार नाही. अकोल्यात तर उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं. लोकांनी जमू नये म्हणून कर्फ्यू लागलेला ऐकला होता, सूर्यामुळे लागलेला पहिल्यांदाच ऐकला. त्या आठवड्यात एका रात्री आमच्या भागातली लाइन गेली. इन्व्हर्टरवर पंप चालला, चिलर नाही. मग इन्व्हर्टरही बसला. पहाटे राणी तळाला आडवी होती.

हे सगळं मला फोनवर एका वाक्यात कळलं. ‘‘मोठी गेली वं.’’ मी ‘‘अरेरे’’ म्हटलं आणि मीटिंगला गेले. खरं काय घडलं होतं ते मला वर्षभरानं कळलं, वहीतून.

बाबांची एक वही होती. रोजची तारीख, तापमान, खारटपणा, कोणी काय खाल्लं. बँकेतल्या माणसाचं सुबक अक्षर. २०२५ च्या जूनमध्ये मी अमरावतीला परत आले तेव्हा ती वही टँकखालच्या कपाटात सापडली. मला वाटलं, नोव्हेंबर २०२३ ला ती संपली असेल. नव्हती संपली. बाबांच्या शेवटच्या नोंदीनंतर चार ओळी कोऱ्या, आणि मग आईचं अक्षर. मोठं, तिरकं, जरा थरथरतं. ‘२६ / १.०२५ / खाल्लं.’ रोज. एकही दिवस चुकलेला नाही. मेमधल्या त्या तारखेला लिहिलं होतं : ‘लाइन नऊ तास नव्हती. ओले टॉवेल लावले, बर्फाच्या बाटल्या टाकल्या. मोठी गेली.’ दुसऱ्या दिवशी फक्त : ‘आज नाही खाल्लं.’ तिसऱ्या दिवशी : ‘आजही नाही.’

कोणी नाही खाल्लं, ते लिहिलेलं नव्हतं.

तर, जूनमध्ये मी परत आले. सगळ्यांना सांगितलं, आईसाठी आले. हे अर्धंच खरं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, रूममेटचं लग्न ठरलं होतं आणि पुण्याचं भाडं एकटीला परवडत नव्हतं. फ्रीलान्सिंग कुठूनही करता येतं, मग अमरावतीहून का नाही? आईलाही सोबत होईल. केवढी समजूतदार मुलगी!

समजूतदार मुलीनं आल्या आल्या काय केलं? किचनमधले डबे आडनावानुसार लावावेत तसे लावले, लेबल चिकटवून. किराणा ॲपवरून मागवायला सुरुवात केली. हॉलमधली बाबांची खुर्ची हलवून तिथे माझं वर्कस्टेशन मांडलं. आईला सांगितलं, दुपारी झूम कॉल असतात, मिक्सर लावायचा नाही. आई काही बोलली नाही. फक्त रोज संध्याकाळी मला डब्यांची लेबलं दिसायची, आणि डबे आपापल्या जुन्या जागी दिसायचे. ‘मोहरी’ लिहिलेल्या डब्यात मेथीदाणे. पंधरा दिवसांत आमचं पहिलं सॉलिड भांडण झालं. तेही कशावरून, तर मी ॲपवरून कोथिंबीर मागवली यावरून. वऱ्हाडात आम्ही तिला सांबार म्हणतो आणि आई ती एकाच बाईकडून घेते, गेली वीस वर्षं.

‘‘ते वाट पाहत असंन माही,’’ आई म्हणाली. ‘‘तुले काय मालूम!’’

मला खरंच काय मालूम होतं? या दीड वर्षात आई स्कूटी शिकली होती. बँकेची कामं करत होती. टँकचं पाणी दर रविवारी बदलत होती, रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून नाक्यावरच्या ट्रॅफिक हवालदाराच्या थाटात उभी राहत होती. आणि टँकमध्ये एकटा उरलेला गण्या वाढून तीन इंचांचा झाला होता. काचेवर बोट ठेवलं तर अंगावर धावून यायचा. आईनं परस्पर त्याचं नाव बदललं होतं. गणाबाई.

मला मात्र दोघी एकट्या दिसत होत्या. मग माझ्या डोक्यात आयडिया आली, की गणाबाईला जोडीदार आणायचा.

‘‘तुले कोन सांगतलं, ते एकटी हाय म्हून?’’ आईनं विचारलं.

‘‘आई, क्लाउनफिश जोडीनं राहतात. सगळीकडे लिहिलंय.’’

‘‘हाव का? बरं.’’

सप्टेंबरमध्ये नागपूरला कोणीतरी टँक मोडत होतं. त्यांच्याकडे एक क्लाउनफिश होता, छान भरलेला, पावणेतीन इंचांचा. मला वाटलं, वा! गणाबाईच्या तोलामोलाचं स्थळ. आणला, तासभर पाण्याला पाणी मिळवलं आणि संध्याकाळी सोडून दिला. पहिल्या मिनिटाला त्या एकमेकींभोवती फिरल्या. मला वाटलं, ओळख करून घेतायत. पुढच्या मिनिटाला तोंडात तोंड अडकवून झटापट सुरू. मी जाळी घेऊन धावले, तर दगडांमागे हात पोचेना. ‘‘होईल ॲडजस्ट,’’ असं म्हणून मी झोपायला गेले. डेडलाइन होती.

सकाळी नवा मासा फिल्टरच्या तोंडाशी अडकलेला होता. शेपटीचा नुसता सांगाडा. आईनं तो काढला, अंगणातल्या जास्वंदीखाली पुरला आणि हात धुऊन वहीत नोंद केली. मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी ते केलं जे आधी करायला हवं होतं, म्हणजे वाचलं. आणि विचारलं. अकोल्याला गांधी रोडच्या पुढे एका गल्लीत माशांचं दुकान आहे, बाबा तिथूनच मीठ आणायचे. तिथल्या दादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही नवरदेव नाही नेला. तुम्ही सवत नेली.’’

पावणेतीन इंचांचा मासा म्हणजे बहुतेक मादीच. एका घरात दोन राण्या. मागे फिरायचं तर दोघींनाही शक्य नाही, कारण मादीचा परत नर होत नाही. मग एकच निकाल उरतो. समुद्रात हरलेली पळून तरी जाते, तीन फुटांच्या काचेत कुठे पळणार?

‘‘लहान पायजे,’’ दादा म्हणाले. ‘‘एवढुसा. ज्याचं अजून काही ठरलंच नाही असा. त्याले पाहून तिले वाटलं पायजे, याच्यापासून मले काही धोका नाई.’’

२००३ मध्येच, ‘निमो’ आला त्याच वर्षी, पीटर बस्टन या संशोधकाचा एक अभ्यास ‘नेचर’मध्ये आला होता. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात एकाच समुद्रफुलात राहणारे क्लाउनफिश त्यांनी मोजले. त्यांना दिसलं, की खालच्या नंबरचा मासा स्वतःची वाढ रोखून धरतो. वरच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहानच राहतो. कारण अंतर कमी झालं, की भांडण, आणि भांडण झालं की हकालपट्टी किंवा मरण. उपाशी राहून नाही, नियम पाळून तो लहान राहतो. हे वाचताना मी हॉलमध्ये बसले होते, बाबांच्या खुर्चीच्या जागेवर, वर्कस्टेशनसमोर. आतून मिक्सरचा आवाज नव्हता. दुपारचे तीन वाजले होते आणि आई चटणी खलबत्त्यात कुटत होती.

डिसेंबरमध्ये दादांचा फोन आला. तामिळनाडूच्या हॅचरीतून माल आलाय. समुद्रातून पकडलेले नाहीत, टाकीत जन्मलेले. भारतात आता क्लाउनफिशची पैदास होते, समुद्रात हात घालायची गरज नाही. डिसेंबरच बरा, कारण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पिशवीतलं पाणी अमरावतीपर्यंत तगत नाही. सहाशे रुपये दिले. एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन, वर काळा कागद, मग थर्मोकोल. हायवे मात्र आता मस्त. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. मूर्तिजापूर आलं-गेलं तरी पिशवी हलली नाही. मावशी उतरताना डब्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘चांगला नांदो बाप्पा.’’

यावेळी मी घाई केली नाही. पहिले तीन आठवडे नवरदेव मागच्या खोलीत, वेगळ्या टबमध्ये. रोग असला तर तिथेच कळावा म्हणून. आई रोज येऊन वाकून बघायची. नाव ठेवलं नव्हतं. ‘‘टिकू दे आधी,’’ म्हणाली.

मग मी तिला म्हटलं, की पुस्तकी पद्धत अशी, की नवीन मासा सोडायच्या आधी टँकमधले दगड हलवायचे. म्हणजे जुनीला आपला इलाखा ओळखू येत नाही, ती गोंधळते, आणि नव्याला संधी मिळते.

आईनं हातातलं काम थांबवलं. ‘‘तिचं घर कायले मोडाचं?’’

‘‘मोडायचं नाही गं. नुसतं हलवायचं.’’

‘‘येनारा येते, त्यानं आपली जागा पाहावं. तिनं काहून हालावं?’’

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे पुस्तकातलं सुचलं, पण ते मी दिलं नाही. शेवटी तोडगा निघाला. उजवीकडचे तीन दगड हलवायचे, कुंडीला हात लावायचा नाही. कुंडी गणाबाईची. ती तिथेच झोपते.

डबा आईनं बनवला. किचनमधला पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, खिळा गॅसवर तापवून त्याला चहूबाजूंनी भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या. डब्यावरचं माझं लेबल नखानं खरवडून काढलं. ‘शेंगदाणे’ लिहिलं होतं. नवरदेवाला त्यात ठेवून डबा टँकमध्ये टांगला. पाणी तेच, वास तोच, पण दात पोचत नाहीत.

पहिला दिवस : गणाबाई डब्यावर आपटत होती. टक-टक आवाज हॉलभर.

दुसरा दिवस : तेच. पिल्लू डब्याच्या कोपऱ्यात, न खाता.

तिसरा दिवस : टक-टक कमी. आईनं आधी गणाबाईला खाऊ घातलं, मग पिल्लाला. ‘‘मोठ्याले पयले वाढाव लागते,’’ म्हणाली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दादांनी नंतर हेच सांगितलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आईला विचारलं, ‘‘माझं टेबल कुठे ठेवू?’’

सहा महिन्यांत असा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते. आई टँकसमोर स्टुलावर बसली होती. तिनं मान वळवली नाही. ‘‘पाहू,’’ म्हणाली.

सहाव्या दिवशी टक-टक थांबली. गणाबाई डब्याजवळ नुसती तरंगायची. रात्री तिला पोटभर खायला घातलं, दिवे बंद केले, आणि आईनं डबा पाण्यातच तिरका केला. पिल्लू बाहेर आलं. अंधारात काही दिसेना. मी मोबाइलचा टॉर्च लावायला गेले, तर आईनं माझं मनगट धरलं. ‘‘राहू दे. पाहिल्यानं काय होते?’’

तरी आम्ही दोघी तिथेच बसलो, अंधारात, पंपाचा आवाज ऐकत. वेळ जावा म्हणून मी तिला २०२५ चा एक अभ्यास सांगितला. पापुआ न्यू गिनीतच, २०२३ मध्ये समुद्र तापला होता तेव्हा संशोधकांनी १३४ क्लाउनफिश दर महिन्याला मोजले. त्यातले शंभर मासे उन्हाळ्यात चक्क आकसले. बारीक नाही झाले, लांबीनंच कमी झाले. आणि जोडीतले दोघं मिळून आकसले तर त्यांची तगण्याची शक्यता वाढत होती.

आई ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘आन् एकटा असला तं?’’

पंप चालू होता. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, ‘‘त्या रात्री मी लय बर्फ टाकला वं. शेजारच्याइच्या फ्रिजमधलाही आनला. तुह्या बाबानं असं पाह्यलं असतं तं...’’ ते वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. दीड वर्षात ती त्या रात्रीबद्दल पहिल्यांदा बोलत होती. मी तेव्हा फोनवर ‘‘अरेरे’’ म्हणून मीटिंगला गेले होते, हे मी तिला सांगितलं. ‘‘मालूम हाय,’’ ती म्हणाली.

सकाळी पिल्लू जिवंत होतं! शेपटीला एक चावा. गणाबाई मधूनच त्याला पळवायची, ते कोपरा गाठायचं. चाव्याची जखम वाढली, ते कोपऱ्यातून हललंच नाही किंवा खायचं बंद झालं, तर लगेच परत डब्यात, असं आमचं ठरलं होतं. पाळ्या लावून बसलो. जखम वाढली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं हाक मारली. मी क्लायंटला होल्डवर ठेवून धावले. गणाबाई पिल्लासमोर आडवी उभी होती आणि पिल्लू एका अंगावर कलून थरथर कापत होतं.

‘‘मरून रायलं का ते?’’ आईनं घाबरून विचारलं.

मरत नव्हतं. हेच तर हवं होतं! क्लाउनफिशच्या भाषेत ही थरथर म्हणजे, ‘तुमचं राज्य मान्य आहे, बाई.’ गणाबाईनं ते बघितलं, एक गिरकी घेतली आणि निघून गेली. चावली नाही.

विदर्भाच्या मुली नवरा स्वतः निवडतात, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. दमयंतीनं स्वयंवरात देवांना सोडून नळाला निवडलं, इंदुमतीनं अजाला. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीनं तर पत्र धाडून कृष्णाला बोलावलं आणि आमच्या अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून ती निघून गेली, अशी कथा आहे. गणाबाईनं ती परंपरा राखली. फक्त तिनं वेळ घेतला. आणि तो तिला द्यावा लागला.

आठवड्याभरानं दोघं कुंडीत एकत्र झोपलेले दिसले. ती आत, तो कडेला. आईनं नाव ठेवलं, सोन्या. त्याच दिवशी ती मला म्हणाली, ‘‘टेबल मांगच्या खोलीत खिडकीपाशी ठेव. हवा लागते तिथं. आन् मिक्सरचा आवाजही येत नाई.’’ बाबांची खुर्ची हॉलमध्ये परत आली. त्यावर सध्या आई बसते.

याचा अर्थ आमचं सगळं छान चाललंय असं नाही. परवाच वॉशिंग मशीनवरून वाजलं. मी किती दिवस इथे राहीन तेही ठरलेलं नाही, पुण्यातल्या एका ऑफरचं उत्तर मला याच महिन्यात द्यायचंय. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘‘पाहा बापा, तुह्या मनानं.’’ सांबार मात्र आता मीच आणते, त्याच बाईकडून.

आणि काल सकाळी वही उघडली. आदल्या दिवशीची नोंद, तेच मोठं तिरकं अक्षर : ‘२६ / १.०२५ / दोघांनी खाल्लं. पोरगी रात्री दोनपर्यंत काम करून रायली. तिचं ताट झाकून ठेवलं.’

मी किचनमध्ये जाऊन बघितलं. ताट होतं.